कोकोची रोपं देताय, मग पावसाळ्याचंही बोला

प्रति,
दक्षिण कोकण आणि गोव्यातल्या पोफळी-माडांच्या बागांत कोको लावा असं सांगणारे कृषी अधिकारी, योजना आखणारे आणि खरेदीदार कंपन्यांचे प्रतिनिधी यांस

स.न.वि.वि.

कोको हे पोफळीच्या बागेतलं चांगलं आंतरपीक आहे, यावर माझं तुमच्याशी भांडण नाही. त्याला सावली लागते, ती आमच्याकडे आहे. उन्हाळ्यात पाणी लागतं, तेही आम्ही पोफळीला देतोच. भांडण आहे ते तुम्ही जे सांगत नाही त्याबद्दल. आमच्या तालुक्यात मेळावा झाला, तेव्हा तुमच्यापैकी एकांनी पडद्यावर आलेख दाखवला: न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर. टाळ्या पडल्या. चहा यायच्या आत अनुदानाच्या रोपांसाठी नावं लिहून घेतली गेली. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने रोगांचं विचारलं, तर ते पुढच्या प्रशिक्षणात घेऊ असं उत्तर मिळालं. ते प्रशिक्षण अजून व्हायचंय. रोपं मात्र आली.

तो आलेख वर का चढला, एवढं तरी त्या दिवशी सांगायला हवं होतं. जगातला निम्म्याच्या आसपास कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. २०२३ मध्ये तिथे बेसुमार पाऊस झाला आणि फळं काळी पडून कुजली. 'स्वोलन शूट' हा विषाणूरोग तर तिथला जुनाच. पिठ्या ढेकूण तो झाडावरून झाडावर नेतो, फांद्या सुजतात आणि काही वर्षांत झाड मरतं. त्यात बागा म्हाताऱ्या झालेल्या, आणि अतिपावसाच्या पाठोपाठ कोरडा हंगाम आला. बाजारात माल तुटला म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये भाव एवढा चढला. पुढच्या वर्षभरात तो निम्म्यावर आलासुद्धा. तिकडच्या शेतकऱ्याचं पीक ज्या रोगांनी खाल्लं, त्या रोगांमुळे चढलेला भाव दाखवून इकडे रोपं वाटायची आणि रोगाचं नाव काढायचं नाही, हे मला गप्प बसून बघवत नाही.

माझी बाग दक्षिण सिंधुदुर्गात, घाटाच्या पायथ्याला आहे. पोफळी आणि माड सासऱ्यांनी लावले, जायफळं सासूबाईंची, मिरीचे वेल आम्ही चढवले. कोकोची झाडं तुमच्या मेळाव्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. आमचे काही नातेवाईक पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकातल्या पुत्तूरकडे राहतात, त्यांच्या बागेतल्या फळांची ती रोपं. त्यामुळे कोको काय चीज आहे हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. उन्हाळ्यात खोडालाच लगडलेली पिवळी फळं बघून पाहुणे फोटो काढतात. जुलैत त्याच झाडाखाली यायला कोणी तयार नसतं.

जुलैत फळकूज येते, म्हणजे काय होतं ते सांगते. फळावर, बहुतेक वेळा देठाशी किंवा टोकाला, एक तपकिरी डाग उमटतो. सुरुवातीला रुपयाएवढा. दुसऱ्या दिवशी बघाल तर त्याची कड पुढे सरकलेली असते. फळ हाताला टणकच लागतं, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं, साल डागाळलीय एवढंच. दोनेक आठवड्यांत आख्खं फळ काळं होतं आणि त्यावर पांढुरकी बुरशी चढते. हे फळ गळून पडलं असतं तरी बरं. ते खोडाला तसंच सुकून लटकत राहतं, पावसाचे थेंब त्यावर आपटतात आणि शिंतोडे खालच्या फळांवर उडतात. मुंग्या खोडावरून मातीची घरं बांधत वर जातात, त्या मातीतूनही रोग चढतो. फळ पिकत आलेलं असेल तर आतले दाणे वाचतात. अर्धकच्चं असेल तर दाण्यांसकट गेलं. आणि रोग फळाच्या देठातून खोडात उतरला, तर खोडाच्या सालीवर चट्टे पडतात, त्यांतून तांबूस पाणी गळतं. मग प्रश्न त्या एका फळाचा राहत नाही.

हे करणारा जीव म्हणजे फायटोफ्थोरा. आपण त्याला बुरशी म्हणतो. शास्त्रज्ञांच्या लेखी त्याचं नातं शेवाळाशी जवळचं आहे, आणि त्याचे बीजाणू चक्क पाण्यात पोहतात. आता त्याच जागी उभं राहून मान वर करा. पोफळीच्या घोसातल्या कोवळ्या सुपाऱ्या टोपीपाशी पाणचट होऊन टपाटप गळतायत, तो कोळेरोग. तोही याच कुळातला. शेजारच्या माडाचा मधला कोंब पिवळा पडलाय, ओढला की हातात येतो आणि बुडाला घाण वास मारतो. माडाचा कोंब कुजवणारी आणि कोकोचं फळ काळं करणारी जात तर एकच आहे, फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा. आणि पोफळीवर चढवलेला मिरीचा वेल ऐन पावसात आठ-पंधरा दिवसांत पानं टाकून मरतो, त्यामागेही हेच कूळ.

माझी पहिली तक्रार इथूनच सुरू होते. आमच्या बागेत ही चार पिकं एका पाटाचं पाणी पितात, एकाच पावसात भिजतात. तुमच्या कागदावर मात्र चार घडीपत्रिका, चार योजना आणि चार वेगवेगळे साहेब. नारळाची माहिती देणारे पोफळीकडे बघत नाहीत, मसाला पिकांचे साहेब कोको आपल्याकडे येत नाही म्हणतात. घरातल्या सगळ्यांना एकच ताप आलाय आणि प्रत्येकाला वेगळ्या गावच्या डॉक्टरकडे धाडलं जातंय, असला हा प्रकार. कोको नवा आहे म्हणून त्याचा तर डॉक्टरही ठरलेला नाही.

यात नवीन शोध लावण्यासारखंही काही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडविन बटलर या कवकशास्त्रज्ञांनी गोदावरीच्या मुखाकडे ताडांचा शेंडा कुजवणाऱ्या रोगाचा अभ्यास केला आणि १९०७ मध्ये त्याच्यामागच्या जिवाचं वर्णन प्रसिद्ध केलं. तोच पुढे फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा म्हणून ओळखला गेला. आज त्याच गोदावरी पट्ट्यात माडांखाली कोको आहे, आणि आंध्र देशात कोकोत पुढे आहे. रोग आधीपासून जमिनीत आणि माडात होता, कोको मागाहून आला. आमच्याकडेही तेच होणार. आमच्याकडे तर पाऊस तिकडच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. आंबोलीच्या खाली राहणाऱ्या माणसाला पाऊस म्हणजे काय हे सांगायला नको.

दुसरी तक्रार फवारणीची, आणि ती मी जरा सविस्तर मांडणार आहे, कारण सगळं इथेच अडतं.

बोर्डो मिश्रण कोकणात कोणाला शिकवावं लागत नाही. फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात द्राक्षांसाठी निघालेलं हे औषध. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास पोफळीच्या कोळेरोगाचा अभ्यास करून ते बागायतदारांच्या हाती दिलं. किलोभर मोरचूद (तांब्याचा क्षार), किलोभर चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळं विरघळवायचं, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, ढवळत राहायचं. पिंप प्लॅस्टिकचं हवं, लोखंडी चालत नाही. विळ्याचं घासलेलं पातं बुडवून बघायचं, त्यावर तांब्याचा लाल रंग चढला तर आणखी चुना. कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं. हे सगळं आमच्या घरातल्या पोरांनाही येतं.

औषध आहे, चढणारा नाही. पोफळ चाळीस-पन्नास फूट जाते. वर गेलेला माणूस खाली न उतरता झाडाला झोका देऊन शेजारच्या पोफळीचा शेंडा पकडतो, आणि तसाच पुढे जातो, पाठीमागे फवाऱ्याची नळी ओढत. हे काम येणारा आमच्या वाडीत एकच माणूस उरलाय आणि त्यानेही पन्नाशी ओलांडलीय. त्याची मुलं गोव्याला कंपनीत जातात, आणि जावीतच. पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी, मेच्या अखेरीस. ती कशीबशी होते. दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी यायला हवी, म्हणजे ऐन जुलैत. त्या वेळी तो मला सरळ सांगतो, "वैनीनू, पाऊस ऱ्हवल्याशिवाय मी चडूचंय नाय." त्याचं काय चुकलं? ओल्या पोफळीवरून पडलेल्या माणसाच्या घरी पुढे काय होतं ते त्याने जवळून बघितलंय. उघडीप मिळाली की तालुक्यातल्या सगळ्या बागांना तो एकाच दिवशी हवा असतो.

आता यात कोको आणा. कोकोला उंचीचा प्रश्न नाही, छाटलेलं झाड जमिनीवर उभं राहून फवारता येतं. पण त्याला पावसाळ्याच्या सुरुवातीपासून पंधरा-पंधरा दिवसांनी फवारणी सांगितली जाते. पोफळीला दोन फेऱ्या, फार तर तीन, आणि कोकोला त्याच्या दुप्पट. दोन्हींचं वेळापत्रक एकत्र बसवून, वरच्या झाडाचं पाणी खालच्या झाडावर गळतं हे धरून, मिश्र बागेसाठी एक पान तरी कोणी छापून दिलंय का? उघडीप मिळाली की आधी काय फवारायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. हे सगळं तांबं शेवटी मातीत उतरतं आणि तिथे साचतं. बागेतून व्हाळ (ओढा) जातो, त्यात पिंप धुतलं तर मासे वर येतात. फवारणीच्या फेऱ्या दुप्पट करायच्या असतील तर या मातीचं आणि पाण्याचं कोण बघणार?

शेजारच्या कर्नाटकात कार्बन फायबरच्या लांब, हलक्या काठ्या आल्या आहेत. माणूस खाली उभा राहून पोफळीचा घोस उतरवतो आणि फवारणीही करतो. किंमत एका छोट्या बागायतदाराला झेपणारी नाही, पण गावात मिळून एक-दोन घेता येतील. ट्रॅक्टरसाठी अवजार बँक चालते. आमच्या डोंगरउताराच्या बागेत ट्रॅक्टर काय करणार, ही काठी द्या.

तिसरी तक्रार रोग ओळखण्याची. कोकोची बोटभर फळं पिवळी पडून, सुरकुतून, काळी होऊन झाडावरच राहतात. बऱ्याचदा तो रोग नसतोच. झाडाला झेपतील तेवढी फळं ते ठेवतं, बाकीची स्वतःच सुकवून टाकतं. त्याला कुठलंही औषध लागू पडत नाही. दुसरीकडे, काजूवरचा ढेकण्या कोकोच्या फळांवरही बसतो. त्याने सोंड खुपसली की बारीक, गोल, खोलगट काळे ठिपके पडतात, पुष्कळ आणि कोरडे. फळकुजीचा डाग एक असतो, ओलसर असतो आणि पसरत जातो. दहा मिनिटं झाडापाशी उभं राहून दाखवलं तर कोणालाही हा फरक कळेल. पण दाखवणारा नाही. रोपं लावलेल्या एका शेजाऱ्याने अशी सुकलेली बारीक फळं पिशवीत घालून बाजारातल्या कृषी सेवा केंद्रात नेली. दुकानदाराने दोन महागड्या बुरशीनाशकांचे पुडे आणि वर एक टॉनिकची बाटली दिली. पुड्यातली घडीपत्रिका मी स्वतः वाचली. त्यात द्राक्ष होतं, बटाटा होता, मिरी होती. कोकोचं नाव नव्हतं. किती घालायचं, फवारल्यावर किती दिवसांनी फळ काढायचं, हे दुकानदाराने तोंडी सांगितलं. मी दुकानदाराला दोष देणार नाही, तो माल विकायला बसलाय. ज्यांनी रोपं दिली ते कुठे होते?

याच ओघात ट्रायकोडर्मा या रोगाशी लढणाऱ्या बुरशीचंही सांगते. जमिनीतल्या रोगावर त्याचा उपयोग होतो, आम्ही शेणखतात मिसळून वापरतो. पण अनुदानातून ट्रायकोडर्माची पाकिटं आणि मोरचूद एकाच दिवशी हातात पडतात, आणि तांब्याच्या औषधाने ही उपयोगी बुरशीही मरू शकते, म्हणून दोन्ही एकदम वापरू नका, हे वाटणारा सांगत नाही. लोक एकाच आठवड्यात दोन्ही वापरून मोकळे होतात.

चौथी तक्रार रोपांची, आणि त्यांच्याबद्दल तर काय बोलावं. ती आली जुलैच्या धारेत, टेम्पोतून, एकावर एक कोंबून. काहींच्या कोवळ्या शेंड्यांवर पाणचट काळे चट्टे होते, पानं करपून लोंबत होती. कोकोच्या रोपवाटिकेतली रोपमर याच फायटोफ्थोराची असते, हे रोपवाटिका चालवणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. रोपं कुठल्या रोपवाटिकेतली, कुठल्या वाणाची, कोणी तपासली, याचा कागद मागितला तर उतरवून घेणाऱ्या पोराने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू मी टेम्पोची कागदपत्रं मागतेय. कर्नाटकातल्या विट्टलच्या संशोधन केंद्रातून आणि केरळ कृषी विद्यापीठातून कोकोचे निवडलेले, संकरित वाण निघालेले आहेत. मग आमच्या वाट्याला बिननावाची रोपं का? आणि पाऊस मी म्हणत असताना का? आमच्या पट्ट्यात, पाण्याची सोय असलेल्या बागेत, गणपतीनंतर पावसाचा जोर ओसरल्यावर रोप लावलेलं बरं, असं माझं मत आहे. पण अनुदान खर्ची टाकायची तारीख आणि रोप जगायची वेळ एक नसते.

पाचवी तक्रार लहान आहे, पण तिच्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. तुम्ही लावायला पैसे देता, राखायला देत नाही. फळकुजीवर सगळ्यात खात्रीचा उपाय औषधाचा नाही, कोयत्याचा आहे. पावसाळ्यात आठवड्याला एक फेरी मारून डाग पडलेलं प्रत्येक फळ काढायचं, बागेबाहेर नेऊन पुरायचं. पाऊस लागायच्या आधी झाड छाटून मोकळं करायचं, म्हणजे आत वारा खेळतो आणि फळांवरचं पाणी लवकर सुकतं. फळं फोडल्यावर उरलेल्या टरफलांचा ढीग झाडाखाली ठेवायचा नाही. या सगळ्याला माणूस लागतो, आणि जुलै-ऑगस्टात आमच्याकडे मजूर भातलावणीत असतो. हा खर्च तुमच्या एकरी नफ्याच्या कोष्टकात कुठल्या रकान्यात आहे? मी शोधला, मला सापडला नाही.

आता तुम्हाला वाटेल, बाई उगाच घाबरवतेय. म्हणून दोन जुन्या गोष्टी आठवून देते. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात १९८९ मध्ये 'विचेस ब्रूम' नावाचा रोग पोचला. फांद्यांना केरसुणीसारखे झुबके फुटतात आणि फळं वाया जातात. दहा-बारा वर्षांत देशाचं कोको उत्पादन एक तृतीयांशाच्या आसपास आलं, आणि जगाला कोको विकणारा देश स्वतः आयात करू लागला. त्याचाच भाऊबंद असलेला, फळांवर पांढरी पूड चढवणारा 'फ्रॉस्टी पॉड' २०२१ मध्ये त्याच देशाच्या पश्चिम टोकाला सापडला. हे दोन्ही आपल्याकडे नाहीत. नसतील तोवर ठीक. पण कोको लावण्याची हौस वाढली की कोणीतरी परदेशातून बॅगेत फळ नाहीतर काडी घेऊन येतो. आमच्याकडे घरटी एक माणूस बाहेर आहे, आणि फॅन्सी वाणांचं वेड आंब्यापासून ड्रॅगन फ्रूटपर्यंत आम्ही बघितलंय.

दुसरी गोष्ट घानाची, तेव्हाच्या गोल्ड कोस्टची. १९३६ मध्ये तिथे स्वोलन शूट लक्षात आला. त्यावर झाड तोडण्याखेरीज इलाज नव्हता, आणि तो आजही नाही. सरकारने तोडायची सक्ती केली. अजून फळं देणारी झाडं डोळ्यांदेखत पाडली गेली. १९४८ मध्ये तिथे जी दंगल उसळली, तिच्या कारणांत चौकशी आयोगाने ही झाडतोडही नोंदवली. शास्त्र सरकारच्या बाजूने होतं. शेतकऱ्याचा विश्वास नव्हता. तो विश्वास झाडं लावतानाच कमवावा लागतो.

बाजाराबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो या पत्राचा मुख्य विषय नाही. केरळात १९७० च्या दशकात कोकोची अशीच लाट आली होती. १९८० च्या सुरुवातीला भाव कोसळला आणि लोकांनी झाडं तोडून टाकली. त्या पडझडीत कॅम्पको ही बागायतदारांची सहकारी संस्था खरेदीत उतरली, आणि १९८६ मध्ये पुत्तूरला तिचा चॉकलेट कारखाना उभा राहिला. तिकडच्या शेतकऱ्यामागे अशी संस्था उभी आहे. सावंतवाडीपासून पुत्तूर चारशेहून अधिक किलोमीटर. ओले दाणे एवढा प्रवास करत नाहीत. ते इथेच आंबवून, वाळवून द्यायचे, तर ऑगस्टात ऊन कुठून आणायचं? आणि भाव उतरला की बागायतदार पहिल्यांदा फवारणी आणि सफाई सोडतो. सोडलेल्या कोकोच्या झाडांवर लटकलेली काळी फळं मग शेजाऱ्याच्या माडालाही रोग पुरवत राहतात. खरेदीदार कंपन्यांच्या प्रतिनिधींना हे पत्र का लिहिलंय, ते आता कळलं असेल.

मागण्या सांगते. त्यांत खर्चाच्या फार थोड्या आहेत.

मिश्र बाग हे एक पीक समजा. पोफळ, माड, मिरी आणि कोको यांचं मे ते ऑक्टोबरचं एकत्र रोगनियंत्रण वेळापत्रक दापोलीचं कृषी विद्यापीठ, कासरगोडची रोपण पिकांची केंद्रीय संशोधन संस्था आणि जुन्या गोव्यातली कृषी संशोधन संस्था यांनी मिळून करावं. तेरेखोल नदीच्या अलीकडे आणि पलीकडे पाऊस तोच, रोग तोच, म्हणून दोन राज्यांनी दोन पत्रकं काढू नयेत. ते मराठीत असावं, एका पानाचं असावं आणि त्यावर फोटो असावेत: फळकूज कशी दिसते, ढेकण्याचे ठिपके कसे, आपोआप सुकलेलं फळ कसं.

ते होईपर्यंत नव्या कोकोची रोपं वाटणं थांबवा. ज्यांना आधीच दिली आहेत, त्यांच्या बागा पुढच्या पावसाळ्यात एकदा तरी येऊन बघा. पुढे रोपं द्याल तेव्हा प्रत्येक खेपेसोबत रोपवाटिकेचं नाव, वाण आणि तपासणीचा दाखला द्या, आणि खेप धो-धो पावसात पाठवू नका.

अनुदानाचा काही भाग पहिली तीन वर्षं छाटणी आणि रोगट फळांच्या सफाईसाठी राखून ठेवा, बागेत येऊन बघितल्यावर द्या. गावपातळीवर अवजार बँकेत लांब काठीचे फवारे ठेवा. जे अजून पोफळीवर चढतात त्यांना सुरक्षा पट्टा, प्रशिक्षण आणि अपघात विमा द्या. विम्याचा हप्ता बागायतदारांकडून थोडा घेतलात तरी आम्ही देऊ.

कोकोवर कुठलं औषध कायद्याने वापरता येतं, किती प्रमाणात, आणि फवारणीनंतर किती दिवसांनी फळ काढायचं, याची लेखी यादी तालुक्यातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लावा. बागांच्या उताराला असलेल्या विहिरींचं आणि व्हाळांचं पाणी तांब्यासाठी तपासा. मातीचंही तेच.

कर्नाटकात सुपारी आणि मिरीला हवामानावर आधारित पीक विमा आहे. आमच्या मिश्र बागांनाही त्याच धर्तीवर विमा करून द्या. पावसाचं मोजमाप मात्र घाटपायथ्याच्या जवळच्या केंद्रावर व्हावं. किनाऱ्यावरचा पाऊस आणि आमचा पाऊस एक नसतो.

कंपन्यांसाठी मागणी एकच. पाच वर्षांच्या खरेदीची लेखी हमी, किमान भावासकट. आणि आंबवणं-वाळवणं यांसाठी तालुक्यात एक शेड, ज्यात पावसाळ्यातही दाणे सुकतील.

शेवटची मागणी अशी, की उद्या एखाद्या रोगामुळे झाडं तोडा असं तुम्हाला सांगावं लागलं, तर भरपाई किती, कोण देणार आणि किती दिवसांत, हे आजच ठरवून जाहीर करा.

पोफळीची पहिली फवारणी मेच्या अखेरीस होते, आणि मोरचूद, चुना, माणूस यांची जुळवाजुळव एप्रिलमध्येच करावी लागते. त्यामुळे या पत्राचं उत्तर मार्च संपायच्या आत हवं आहे. मेळाव्यात दिलंत तरी चालेल. फक्त त्या मेळाव्याला रोगशास्त्राचा एक माणूस आणा आणि मेळावा सभागृहात न घेता एखाद्या बागेत घ्या. आमची बाग त्यासाठी उघडी आहे. जेवणाची सोय आम्ही करू.

आपली,
एक बागायतदार, दक्षिण सिंधुदुर्ग